कुंडीतलं लिंबू गळतं, अंगणातली पपई बसते: कारण एकच

इंदूरच्या राजेंद्रनगरमधल्या ताईंनी विचारलंय की गच्चीवर १८ इंची कुंडीतलं, बोअरच्या पाण्यावरचं तीन वर्षांचं कागदी लिंबू दरवेळी फुलतं, पण सगळी फुलं गळतात आणि पानं पिवळी पडतात. अंगणात लावलेली पपई गेल्या पावसाळ्यात आठवड्याभरात आडवी झाली. तिथे आता पेरू, सीताफळ आणि आंबा लावायचाय. शिवाय सासूबाईंच्या खोलीच्या दक्षिणेकडच्या खिडकीत एखादं फळझाड होईल का, हेही त्यांना विचारायचंय.

ताई, पपई आणि लिंबू दोन्हींचं दुखणं एकच आहे. मुळांना हवा मिळत नाही. माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून गव्हा-हरभऱ्याला सोन्यासारखी, पण फळझाडाच्या मुळाशी ती ओली घट्ट बसली की मुळं श्वास कोंडून कुजतात. पपईला तर बुंध्याशी दीड-दोन दिवस पाणी साचलं तरी पुरतं. तेव्हा खतांची यादी बाजूला ठेवा, आधी पाण्याची वाट मोकळी करू.

कुंडीपासून सुरुवात करा. ती जमिनीवर टेकलेली असेल तर आजच तीन विटांवर उचलून ठेवा. तळाला अर्ध्या इंचाची निदान सहा छिद्रं हवीत. कमी असतील तर तळापासून दोन इंचांवर बाजूने ड्रिलने चार पाडा. आता मेअखेर आहे, एवढ्या उन्हात माती बदलू नका. जूनच्या शेवटी दोन-तीन चांगले पाऊस झाले की झाड काढा. मुळं पांढरट, टणक असतील तर ठीक. तपकिरी असतील, बोटांनी ओढल्यावर साल निसटत असेल आणि वास येत असेल, तर कुजलेलं सगळं धारदार कात्रीने कापा. बाहेरचा दीड-दोन इंचांचा मुळांचा थरही छाटा आणि तेवढ्याच प्रमाणात वरच्या फांद्या हलक्या करा. मुळं कमी आणि पानं तेवढीच राहिली तर झाड सुकतं.

नवीन मिश्रण मापून करा: ३ घमेली चाळलेली मुरमाड माती, ३ घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, २ घमेली धुतलेलं कोकोपीट, २ घमेली जाड वाळू. बांधकामाला नर्मदेची जाड रेती येते ती चालते, प्लास्टरची बारीक रेती नको, ती मातीत बसून उलट घट्टपणा वाढवते. एका कुंडीला १०० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा. काळी माती घालायचीच झाली तर एकूण मिश्रणाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नाही.

तळाला खडीचा थर देण्याची पद्धत सोडून द्या. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहज उतरत नाही, ते खडीच्या वरच अडून राहतं. म्हणजे जो ओला चिखल तळाला असायचा तो चार इंच वर, थेट मुळांमध्ये येतो. छिद्रावर खापरीचा एक तुकडा किंवा जाळी पुरे. कलमाचा जोड मातीच्या वर निदान चार इंच दिसला पाहिजे. तो गाडला गेला की बुंध्याला डिंक्या लागतो.

आता पिवळी पानं. कुठली पानं पिवळी आणि कशी, हे पाहिल्याशिवाय काही टाकू नका. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी पडतंय. कोवळी पानं लहान, अरुंद आणि शिरांच्या मध्ये ठिपकेदार पिवळी, तर जस्त. जुनी पानं सरसकट पिवळी होऊन गळतात तेव्हा नत्र. जुन्या पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण उरतो आणि बाकीचं पिवळं होतं तेव्हा मॅग्नेशियम. आणि पानाची मधली शीरच पिवळी पडली, बाकी पान हिरवं आहे, तर बहुधा मूळ कुजतंय, तिथे खताने काही होणार नाही.

मुळांच्या हवेच्या जोडीला तुमच्या लिंबात मला लोहाचाही संशय आहे, कारण तुम्ही बोअरचं पाणी घालता. जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे कुंडीतल्या मातीचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) हळूहळू चढतो. मातीत लोह असूनही मूळ ते उचलू शकत नाही. म्हणून वर फक्त लोह टाकून भागत नाही, पाणीही सुधारावं लागतं. १० लिटर पाण्यात २ ग्रॅम सायट्रिक ॲसिड (किराणा दुकानातलं लिंबूसत) विरघळवा आणि पीएच पट्टीने ६ ते ६.५ आलाय का ते बघा. नर्मदेचं नळाचं पाणी मिळत असेल तर ते उत्तम. एसीचं पाणीही चांगलं. आरओ मशीनमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी मात्र कुंड्यांना अजिबात नको, क्षार त्यातच एकवटलेले असतात.

लोह घेताना 'ईडीडीएचए' प्रकारचं चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल असं बांधलेलं लोह) मागा. स्वस्तातलं 'ईडीटीए' चढ्या पीएचच्या मातीत टिकत नाही. ३ ग्रॅम ५ लिटर पाण्यात विरघळवून संध्याकाळी मातीत द्या, महिन्याने पुन्हा एकदा. आधी पिवळी पडलेली पानं पूर्ण हिरवी होतील असं नाही, नवीन येणाऱ्या पानांवरून निकाल लावा. जस्तासाठी लिटरला ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम विरलेला चुना, गाळून फवारा. चुना न घालता फवारलं तर कोवळी पानं भाजतात. आणि अंड्याची टरफलं, चुलीची राख, हाडांचं खत हे सगळं लिंबाच्या कुंडीत टाकणं थांबवा. आपल्याकडच्या पाण्या-मातीत चुन्याची कमतरता नाही. हाडांच्या खतातलं स्फुरदही अशा मातीत झाडाला जवळजवळ मिळत नाही.

पाण्याचं वेळापत्रक लावू नका. दोन इंच खोल बोट घाला, कोरडं लागलं तरच पाणी, आणि तेव्हा खालून बाहेर येईपर्यंत. एवढ्या कुंडीला मेमध्ये रोज चार-पाच लिटर लागतं, डिसेंबरात तीन-चार दिवसांतून एकदा. महिन्यातून एकदा नेहमीच्या दुप्पट पाणी घालून साठलेले क्षार धुऊन काढा. कुंडीच्या कडेला पांढरी खपली दिसली तर लगेच. काळी प्लास्टिकची कुंडी उन्हात असेल तर तिला बाहेरून गोणपाट गुंडाळा, पश्चिमेच्या बाजूची मुळं अक्षरशः शिजतात.

फुलगळीबद्दल. लिंबाची बहुतेक फुलं गळणारच, शंभरातली चार-पाच टिकली तरी झाड भरतं. सगळीच गळत असतील तर पाण्याची ओढाताण (दोन दिवस कोरडं, मग भरपूर), सहा तासांपेक्षा कमी ऊन किंवा नत्राचा अतिरेक, यातलं काहीतरी असतं. युरिया आणि ताजं शेण बंद. फुलं लागण्याच्या सुमाराला एकदाच लिटरला १ ग्रॅम बोरॉन (२० टक्क्यांचं) फवारा. एकदाच म्हणतोय, कारण कुंडीत बोरॉन जास्त झालं तर पानांची टोकं जळतात.

खरा उपाय आहे ताण, म्हणजे काही दिवस पाणी तोडून झाडाला फुलायला लावणं. एप्रिल-मेमध्ये, म्हणजे लिंबू महाग असतं तेव्हा, फळ हवं तर हस्त बहार (पावसाळा संपताना येणारी फुलं) धरा. सप्टेंबरअखेर पाऊस ओसरला की पाणी तोडा. दुपारी पानं मलूल होतील आणि सकाळी पुन्हा ताठ होतील. ज्या दिवशी सकाळीही मलूल दिसतील त्या दिवशी ताण संपवा. शेतात यासाठी महिना लागतो, कुंडीत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून रोज पाहावं लागतं. मग वरची माती दोन इंच हलवा, दोन ओंजळी कंपोस्ट आणि ५० ग्रॅम निंबोळी पेंड घाला. पहिल्या दिवशी एक लिटर, दुसऱ्या दिवशी दोन, असं पाणी वाढवत न्या. एकदम भरपूर पाणी दिलं तर फुलांऐवजी पालवी फुटते. कळ्या दिसल्या की ०:५२:३४ (स्फुरद-पालाशाचं विरघळणारं खत) लिटरला २ ग्रॅम फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. फूल ते फळ पाच-सहा महिने धरा. बुंध्यातून सरळसोट वर जाणारे पाणसोट दिसताक्षणी काढत राहा. जोडाच्या खालून फुटलेला तर खुंटाचा असतो, तो ठेवला तर दोन वर्षांत जंभेरीच (ज्या रानटी लिंबावर कलम बांधतात ते) उरेल.

पावसाळ्यात पानांवर-फळांवर पिवळ्या कड्याचे खरबरीत डाग आले तर तो खैऱ्या. डागाळलेल्या फांद्या कोरड्या दिवशी छाटून घराबाहेर टाका आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला ३ ग्रॅम फवारा. पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या हाताने वेचा, दहा-बारा असल्या तरी लहान झाड बोडकं करतात.

आता अंगण. फूटभर रुंद, दीड फूट खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चोवीस तासांनी तसंच असेल तर खड्डा करून झाड लावायचं नाही. सगळीकडे सांगितला जाणारा दोन फुटी खड्डा भुसभुशीत खतमातीने भरायची पद्धत इथे घातक ठरते. चारही बाजूंच्या चिकट मातीत तो खड्डा हौद होतो आणि पूर्ण पावसाळा झाड त्यात उभं राहतं. त्याऐवजी दीड फूट उंच, चार फूट रुंद मातीचा उंचवटा करा. निम्मी अंगणातलीच माती, निम्मं मुरूम आणि कंपोस्ट. झाड उंचवट्याच्या माथ्यावर लावा आणि बाजूने चर काढून पाणी फाटकाकडे वळवा. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते तेव्हा बारीक मुळं तुटतात, म्हणून मार्चपासून चार इंच पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवा, फक्त बुंध्यापासून वीतभर दूर.

कंपोस्ट घरीच करा, आणि त्यासाठी बाहेर बघायची गरज नाही. जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखलं जाणारं कंपोस्ट इथेच, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात, ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९२४ ते १९३१ या काळात बसवलं. त्याचाही गाभा हवाच आहे. पालापाचोळा, शेण, थोडी माती यांचे पातळ थर, ढीग तीन फुटांपेक्षा उंच नाही, पिळल्यावर पाणी गळू नये इतका ओलावा, आणि तीन वेळा उलथणं: साधारण पंधरा दिवसांनी, महिन्याने, दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत तयार. घाण वास आला तर ढिगात हवा कमी आहे, वाळलेला पाला घालून उलथा.

पेरूला भिंतीपासून सहा फूट सोडा. 'सरदार' म्हणजे लखनऊ-४९ घ्या. नाव लखनऊचं असलं तरी ही निवड पुण्याच्या गणेशखिंडीतली, १९२७ सालची. पेरू नवीन फुटीवर फळतो, त्यामुळे छाटायला घाबरू नका. पावसाळी फळात फळमाशीच्या अळ्या ठरलेल्या, म्हणून एप्रिल-मेची फुलं काढून टाका. मेच्या मध्याला फांद्यांची वीतभर टोकं छाटा, जूनमध्ये खत द्या. जुलै-ऑगस्टला फुलं येतील आणि थंडीत गोड, बिनअळीचा पेरू मिळेल. फळं लिंबाएवढी झाली की कागदी पिशव्या बांधा.

सीताफळ माळव्याला मानवतंच. मेच्या कोरड्या हवेत त्याची फुलं वाळून जातात, ते स्वाभाविक आहे, फळधारणा पावसाच्या दमट हवेत होते. तरी कमी वाटली तर हाताने परागीकरण करा. सीताफळाचं फूल आधी मादी असतं, नंतर नर. दुपारनंतर पूर्ण उघडलेल्या फुलांतले पराग वाटीत झटकून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, अर्धवट उघडलेल्या फुलांच्या आतल्या चिकट टोकाला मऊ ब्रशने सगळीकडून लावा. एकाच बाजूला लावलं तर फळ वाकडं होतं.

आंब्यासाठी लहान अंगणात आम्रपाली. दशहरी आणि नीलमचा हा संकर बुटका राहतो, भिंतीपासून आठ-नऊ फूट पुरे. पहिली दोन वर्षं मोहोर खुडून टाका. पपई पुन्हा लावायची असेल तर उंचवट्यावरच.

खिडकीचं उत्तर थोडं वेगळं आहे. इंदूर कर्कवृत्ताच्या जरा खाली, साधारण २२.७ अंशांवर आहे. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, दक्षिणेच्या खिडकीत तो शिरतच नाही. डिसेंबरात तो ४४ अंशांवर उतरतो आणि ऊन खोलीत खोलवर येतं. म्हणजे ही खिडकी ऑक्टोबर ते मार्चचीच. अंजीर तिथे जमणार नाही, कारण खिडकीत ऊन येतं त्याच थंडीच्या महिन्यांत ते पानं गाळून बसतं. पूर्वेची गॅलरी असेल तर अंजीर तिथे लावा. त्याला परागीकरण लागत नाही. खिडकीत १२ इंची कुंडीत चायनीज संत्रं ठेवा. ऑक्टोबरात आत आणा, मार्चअखेर बाहेर, पण आधी आठ-दहा दिवस सावलीत, नाहीतर पानं करपतात. फुलं आली की मऊ ब्रश एका फुलातून दुसऱ्यात फिरवा, बंद खोलीत मधमाश्या नसतात. पानांच्या खाली बारीक जाळी दिसली तर लाल कोळी, पानं दोन्हीकडून पाण्याने धुवा.

गच्चीवर आणखी ड्रम ठेवण्याआधी वजनाचा हिशेब करा. २०० लिटरचा ड्रम अर्धा कापला तर ओल्या मातीसकट सव्वाशे ते दीडशे किलो भरतो. वापरातल्या गच्चीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण १५० किलो भाराच्या हिशेबाने बांधतात, आणि अर्ध्या ड्रमखाली जेमतेम पाव चौरस मीटर जागा असते. म्हणून मोठे ड्रम भिंतीवर किंवा बीमवर येतील असे कडेने ठेवा, स्लॅबच्या मध्यावर एकही नको.