अनोळखी ट्रॅकवर टाइम अटॅक

प्रश्न : टाइम अटॅकमध्ये, म्हणजे कमीत कमी वेळात एक फेरी मारायच्या कार स्पर्धेत, उतरायचं आहे. ट्रॅक कधी पाहिलेला नाही आणि सरावाला 15 मिनिटांची दोनच सत्रं आहेत. वेळ कुठे कमी करता येईल?

उत्तर : उशिरा ब्रेक मारून तर नाहीच! पहिल्या सत्रात घड्याळ बघूच नका. ऑनबोर्ड (गाडीतल्या कॅमेऱ्याच्या) व्हिडिओत चढउतार सपाट दिसतात, म्हणून परवानगी असेल तर ट्रॅक पायी फिरा. सर्वांत लांब सरळ पट्ट्याआधीचं वळण आधी पक्कं करा. तिथे जरा उशिरा आत वळून गॅस लवकर दिलात, तर फायदा पट्टा संपेपर्यंत मिळतो. ब्रेक वळणाआधीच्या 100 मीटरच्या पाटीवर लागत असेल, तर पुढच्या लॅपला 95 मीटरवर मारा. एकदम 80 नको.

टायर तापले की हवेचा दाब 5-6 पीएसआय सहज चढतो, त्यामुळे सुरुवात कमी दाबाने करा आणि पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) येताच मोजा. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढू नका. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लावा.