शब्दाची शेपटी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. फोनवरच्या शब्दकोड्यांतून पाच महिन्यांत सहाशे-सातशे रशियन शब्द पाठ झाले, असं तू लिहिलंस आणि लगेच खाली लिहिलंस, "पण बाई, व्हिडिओत कुणी बोलायला लागलं की हेच शब्द मला ओळखू येत नाहीत." सप्टेंबरात तू वैद्यकीय शिक्षणासाठी कझानला निघणार. तिथे वॉर्डातला पेशंट तुझ्याशी रशियनमध्येच बोलणार. त्यामुळे तुझी धास्ती मला कळते.

कोडी सोडवणं सोडू नकोस. फक्त कोणतं कोडं काय शिकवतं आणि काय शिकवू शकत नाही, हे ओळखून निवड. (या पत्रात रशियन शब्द मी देवनागरीत, त्यांच्या अक्षरांबरहुकूम लिहिते आहे. उच्चार थोडे वेगळे असतात, त्याबद्दल पुढे सांगते.)

रशियन शब्दकोड्यात उत्तर नेहमी नाम असतं, तेही प्रथमेचं आणि एकवचनी. रशियनमधल्या 'कात्री'सारखा ज्याला एकवचनच नाही असा एखादा शब्द तेवढा अनेकवचनात चालतो. शब्दांच्या बहुतेक खेळांना हाच नियम लागू आहे. म्हणजे पाच महिने तू सहाशे शब्दांचे फोटो गोळा केलेस, आणि प्रत्येक फोटोत शब्द सरळ उभा आहे, समोर बघतो आहे. बोलण्यात तो असा क्वचितच उभा राहतो. मराठी शिकणाऱ्या एखाद्या परदेशी माणसाला 'घोडा', 'पाणी', 'पुणे' हे शब्द येतात असं समज. त्याच्या कानावर पडतं 'घोड्यावर', 'पाण्यात', 'पुण्याहून'. तो बिचारा शब्दकोशात 'घोड्या' शोधत बसेल. तुझं नेमकं तेच झालं आहे.

माझंही झालं होतं. मॉस्कोतल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात एका उपाहारगृहाच्या रांगेत उभी राहून मी "स्ताकान मोलोको" मागितलं, म्हणजे 'ग्लास दूध'. म्हणायला हवं होतं "स्ताकान मोलोका", दुधाचा ग्लास. काउंटरवरच्या बाईंना ते समजलं. त्यांनी उत्तर दिलं, "मोलोका न्येत." दूध नाही. 'न्येत' म्हटलं की नसलेली वस्तू षष्ठीत जाते, म्हणून मोलोकोचं मोलोका. मला 'मोलोको' पक्कं येत होतं, 'मोलोका' मी कधी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्याच कशाबद्दल तरी विचारत असतील असं वाटून मी तिथेच उभी राहिले. मागची रांग थांबली. त्या क्षणी मला किती एकटं वाटलं ते अजून आठवतं. तुला तसं वाटू नये, म्हणून हे एवढं लांब पत्र.

तुझ्या पेशंटचंच घे. पोटाला 'झिवोत' म्हणतात, हा शब्द तुला येतो. पण तो माणूस म्हणणार "बोल व झिवोत्ये", पोटात दुखतंय. छाती 'ग्रूद', छातीत 'व ग्रुदी'. आजार शब्दाच्या मुळात असतो, पण तो कुठे आहे, कशाने झाला, काय नाही, हे सगळं शब्दाची शेपटी, म्हणजे त्याचा बदलणारा शेवट, सांगते. रशियनमध्ये अशा विभक्ती सहा आहेत, आणि त्या आपल्याला परक्या नाहीत. प्रथमा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी, षष्ठी आणि सप्तमीच्या जवळची एक. शाळेत पाठ केलेला तक्ता आठव. तीन लिंगं तुझ्याकडे जन्मापासून आहेत. 'तो झोपला, ती झोपली, ते झोपलं' म्हणणाऱ्या मुलीला 'ओन स्पाल, ओना स्पाला, ओनो स्पालो' समजावून सांगावं लागत नाही. इंग्रजीतून रशियन शिकवणारी पुस्तकं या गोष्टींवर पानंच्या पानं खर्च करतात. ती पानं तू भराभर उलट.

अक्षरांच्या खेळांबद्दल थोडंच लिहिते, कारण ते तू खेळतेच आहेस. 33 अक्षरं हाताखाली यायला ते उत्तम. 'बाल्दा' नावाचा खेळ मैत्रिणीबरोबर कागदावर खेळून बघ. पाच बाय पाचची चौकट आखायची, मधल्या ओळीत पाच अक्षरी शब्द लिहायचा, आणि दर खेपेला एक अक्षर जोडून नवा शब्द काढायचा. 'पोल्ये चुद्येस' हा अक्षरं ओळखण्याचा कार्यक्रम 1990 पासून रशियन टीव्हीवर चालू आहे. स्पर्धक अक्षरांची नावं मोठ्याने घेतात, म्हणून तो कानांसाठी चांगला. अक्षर ओळखायचं असेल तर पहिल्यांदा 'ओ' माग. रशियन लिखाणात सगळ्यात जास्त येणारं अक्षर तेच आहे.

या खेळांचा एक धोका मात्र मनावर घे. कोडं आघात दाखवत नाही, म्हणजे शब्दातल्या कोणत्या अवयवावर जोर द्यायचा ते. आघात नसलेला 'ओ' बोलताना 'अ'कडे झुकतो, म्हणून लिहितात 'मोलोको' आणि कानाला येतं 'मलाको'. 'ज़ामोक' शब्दात आघात पहिल्या अवयवावर असेल तर तो किल्ला, दुसऱ्यावर असेल तर कुलूप. 'मुका' म्हणजे आघाताप्रमाणे यातना किंवा पीठ. तुझ्या वहीतल्या सहाशे शब्दांवर आघाताची खूण आहे का? नसेल तर नवे शब्द महिनाभर बंद कर आणि आधी त्या खुणा कर. काम कंटाळवाणं आहे, पण याला दुसरी वाट नाही.

'गोरोदा', म्हणजे शहरांच्या भेंड्या, हा खेळ मला अतिशय प्रिय आहे. आपल्या भेंड्यांसारखंच, आधीच्या नावाच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचं शहर सांगायचं. मोस्क्वा, आस्त्राखान, नोवोसिबिर्स्क, कझान, नोरिल्स्क, क्रास्नोदार, र्याज़ान. आस्त्राखान आणि कझानच्या शेवटी खरं तर मृदूचिन्ह आहे. त्याला स्वतःचा आवाज नाही आणि त्यावरून कोणताच शब्द सुरू होत नाही, म्हणून ते सोडून 'न' घ्यायचा. माझ्या विद्यार्थ्यांसाठी मी यात एक अट घातली होती. नुसतं नाव सांगायचं नाही, 'मी तिथे राहते' असं म्हणायचं. मग मोस्क्वाचं 'व मोस्क्व्ये' होतं, कझानचं 'व कझानी', नोवोसिबिर्स्कचं 'व नोवोसिबिर्स्क्ये'. ठाणे-ठाण्यात, पुणे-पुण्यात, मुंबई-मुंबईत हे आपण करतोच की. अर्ध्या तासात सप्तमी अंगवळणी पडते, आणि व्याकरण शिकतोय असं कुणाला वाटतही नाही.

आता ज्यासाठी मी पत्र लिहायला बसले ते सांगते. तुझ्या फोनमध्ये नसलेली आणि तुला सगळ्यात जास्त लागणारी कोडी रशियन आज्यांकडे आहेत. त्यांना 'ज़ागाद्का' म्हणतात, आपली तोंडी कोडी. ती शतकानुशतकं तोंडातून तोंडात गेली, त्यामुळे त्यांत शब्द सरळ उभा राहत नाही. तो वाकतो, वळतो, नाचतो.

"बेज़ ओकोन, बेज़ द्वेर्येय, पोल्ना गोर्नित्सा ल्युद्येय." खिडक्यांविना, दारांविना, खोली माणसांनी भरलेली. उत्तर काकडी, आतल्या बिया म्हणजे माणसं. उत्तर मिळाल्यावर खेळ संपला असं समजू नकोस, तो तिथे सुरू होतो. खिडकीला शब्दकोशात 'ओक्नो' म्हणतात, इथे 'ओकोन' का? दार 'द्वेर', इथे 'द्वेर्येय' का? 'बेज़' म्हणजे विना, आणि त्याच्यामागून षष्ठी येते, इथे अनेकवचनी. 'भरलेली' म्हटल्यावर कशाने भरली तेही षष्ठीत, म्हणून 'ल्युद्येय'. षष्ठीचं अनेकवचन हे रशियनमधलं सगळ्यात अवघड रूप असं माझं मत आहे. कधी शेपटी गळते, कधी मधेच एक स्वर उगवतो. ते रूप सात शब्दांच्या एका ओळीत तीनदा येतं, आणि ओळीला ताल असल्यामुळे डोक्यातून जात नाही. पाठ्यपुस्तकातल्या दहा पानांच्या अभ्यासाने मला जे जमलं नाही ते या काकडीने जमवलं.

दुसरं: "ज़िमोय इ ल्येतोम ओद्निम त्स्वेतोम." हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात एकाच रंगाचं. उत्तर 'योल्का', सदाहरित सूचिपर्णी झाड. 'इ' म्हणजे 'आणि', तो सोडला तर या ओळीतला प्रत्येक शब्द तृतीयेत आहे. ज़िमा, ल्येतो, त्स्वेत यांच्या शेपट्या वेगवेगळ्या तऱ्हेने कशा बदलल्या ते बघ. (हा 'त्स' मराठी माणसाला फुकट मिळतो. 'चाक'मधला च म्हण, 'चार'मधला नको. 'चार'मधल्या च ला रशियनमध्ये वेगळं अक्षर आहे. हिंदी बोलणाऱ्या मुलांना इथे मी खूप अडखळताना पाहिलं आहे.)

आठवड्याला एकच ज़ागाद्का घे. मोठ्याने म्हण, वहीत लिही, प्रत्येक शब्दाची शेपटी लाल पेनने अधोरेखित कर, आणि मग तो शब्द शब्दकोशात कसा दिसेल ते न बघता लिही. तू आजवर मूळ शब्दापर्यंत येऊन थांबत होतीस, आता वाकलेल्या शब्दापासून मुळाकडे जायचं. बोलणाऱ्याचं ऐकताना तुझ्या डोक्याला हेच काम करायचं असतं.

उलट वाचलं तरी तेच राहणारं वाक्य आपल्याकडे जसं 'ती होडी जाडी होती' किंवा 'चिमा काय कामाची', तसं तिकडचं प्रसिद्ध वाक्य "आ रोज़ा उपाला ना लापु आज़ोरा". कवी अफानासी फेत यांच्या नावावर ते सांगितलं जातं. गुलाब पडला आज़ोर नावाच्या कुत्र्याच्या पंजावर. पंजा 'लापा', पण त्याच्यावर काहीतरी येऊन पडलं म्हणून 'लापु'. आज़ोरचा पंजा म्हणून 'आज़ोरा'. या शेपट्या नसत्या तर वाक्य उलटं वाचताच आलं नसतं!

आणि आता सगळ्यात मोठं कोडं. लेनिनग्राडचे भाषाशास्त्रज्ञ लेव श्चेर्बा आपल्या विद्यार्थ्यांना हे वाक्य देत: "ग्लोकाया कुज़्द्रा श्तेको बुद्लानुला बोक्रा इ कुर्द्याचित बोक्र्योन्का." यातला 'इ' सोडला तर एकही शब्द कोणत्याच रशियन शब्दकोशात नाही. मुळं सगळी बनावट, शेपट्या सगळ्या खऱ्या. तरीही रशियन माणसाला चित्र दिसतं. कुज़्द्रा नावाची कुणी एक मादी आहे, कारण विशेषण आणि क्रियापद दोन्ही स्त्रीलिंगी आहेत. तिने बोक्रला एकदाच, झटक्यात काहीतरी केलं. ती एकदाची झटक्यातली क्रिया 'नु' सांगतो. बोक्र सजीव आहे, कारण पुल्लिंगी निर्जीव वस्तू कर्म झाली तर तिची शेपटी बदलत नाही, सजीवाची बदलते. हे वाचून चकित होऊ नकोस, तू रोज हेच बोलतेस. 'मी आंबा पाहिला', पण 'मी मुलाला पाहिलं'. आंब्याला 'ला' लागत नाही, मुलाला लागतो. आणि बोक्र्योन्का म्हणजे बोक्रचं पिल्लू, त्याला कुज़्द्रा अजूनही काहीतरी करतेच आहे. ही सगळी गोष्ट एकाही खऱ्या शब्दावाचून कळली. सहाशे शब्द येऊनही तुला जे समजत नव्हतं, ते का समजत नव्हतं याचं उत्तर या ओळीत आहे.

या वाटेने विचार करायला रशियाने पद्धतशीर शिकवलं आहे. 1965 मध्ये मॉस्कोत शाळकरी मुलांसाठी भाषाशास्त्राची ऑलिंपियाड सुरू झाली. अनोळखी भाषेतली काही वाक्यं आणि त्यांचे अर्थ द्यायचे, नियम मुलांनी शोधायचा. पाठांतराचा उपयोग शून्य. अशा कोड्यांचा पाया घालणाऱ्यांत आंद्रेय ज़ालिज़्न्याक होते. सुमारे एक लाख रशियन शब्दांची शेपटी कशी बदलते ते त्यांनी 1977 च्या एका कोशात नोंदवलं, आणि संस्कृत व्याकरणाची सुंदर रूपरेषाही लिहिली. आंतरराष्ट्रीय स्पर्धा 2003 पासून भरते, 2016 मध्ये ती म्हैसूरला झाली. त्यातली जुनी कोडी इंटरनेटवर सहज मिळतात.

त्याच धर्तीवर मी तुझ्यासाठी एक कोडं केलं आहे. नोगा म्हणजे पाय, इवलासा पाय नोझ्का. रुका म्हणजे हात, इवलासा हात रुच्का. मुखा म्हणजे माशी, इवलीशी माशी मुश्का. आता दोरोगा म्हणजे रस्ता, तर पायवाटेला काय म्हणत असतील? सोबाका म्हणजे कुत्रा, तर छोट्या कुत्र्याला? शब्दकोश उघडू नकोस. अडलीस तर योग आणि योजना, वाक् आणि वाचा हे शब्द शेजारी शेजारी लिहून बघ.

संस्कृतशी जुळणारे शब्द शोधण्यात मात्र फार वेळ घालवू नकोस. स्नोखा आणि स्नुषा, म्हणजे आपली सून. देवेर आणि देवर, म्हणजे आपला दीर. हे सापडलं की मोठा आनंद होतो, मलाही अजून होतो. पण त्या आनंदाने पेशंटचं वाक्य कळत नाही.

पुढच्या पत्रात पायवाट आणि कुत्रा यांची उत्तरं पाठव. सोबत हेही: "द्वा कोल्त्सा, द्वा कोन्त्सा, पोसेरेदिन्ये ग्वोज़्दिक." दोन कडी, दोन टोकं, मधे एक छोटा खिळा. ही वस्तू कोणती ते तुला लगेच कळेल, तिचं नाव मी वर एकदा घेतलंही आहे. मला ते नको. कडं म्हणजे 'कोल्त्सो' आणि टोक म्हणजे 'कोन्येत्स', तर 'द्वा'च्या मागे उभं राहिल्यावर या दोघांना काय झालं, आणि तिथे 'प्यात', म्हणजे पाच, असते तर काय झालं असतं, ते लिहून कळव.

तुझ्या,
बाई