चार दिवसांत ब्रिटनी: यादी मोडा आणि तारलीच्या मागून जा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. सप्टेंबरात तुम्ही दोघं पॅरिसला मुलीकडे आहात आणि त्यातले चार दिवस तिघांनी मिळून फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यावर काढायचे आहेत. खाणं आणि हातकाम बघणं हा मुख्य हेतू. मुलगी मातीकाम शिकतेय, यजमान मासे खातात, तुम्हाला अंड्यापुढे काही चालत नाही. साँ-मालो, माँ साँ-मिशेल, कार्नाक, कँपेर ही यादी बरोबर आहे का आणि गाडी भाड्याने घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

मी नऊ वर्षं ब्रिटनीतल्या रेन शहरात राहिले आणि सुट्टी मिळेल तशी हा किनारा हिंडले. त्या जोरावर स्पष्ट सांगते, ही यादी मोडा. माँ साँ-मिशेल ते कँपेर गाडीने जवळजवळ तीन तास लागतात, आणि माँ साँ-मिशेल मुळात ब्रिटनीत नाहीच, नॉर्मंडीत आहे. साँ-मालो आणि काँकालची कालवं सुंदर, पण ती वेगळी सहल. पॅरिसहून थेट रेल्वे आहे, मुलीबरोबर पुन्हा केव्हाही होईल. कार्नाकचे उभे दगड बघण्यासारखे आहेत, पण तुमच्या हेतूत ते बसत नाहीत.

चारही दिवस मुक्काम कँपेरला करा. पॅरिसच्या माँपार्नास स्थानकातून थेट टीजीव्ही, म्हणजे वेगवान रेल्वे, साधारण पावणेचार तासांत पोचवते. दुआर्नने, काँकार्नो, पाँ-लाबे आणि ल गिल्विनेक ही चारही गावं तिथून अर्ध्या-पाऊण तासावर आहेत. या चारही गावांना जोडणारा धागा म्हणजे सार्डिन, आपल्या तारलीची चुलतबहीण. तो धागा धरलात तर खाणं आणि हातकाम असे दोन वेगळे कार्यक्रम करावेच लागत नाहीत.

आधी दुआर्ननेला जा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इथे सार्डिन डबाबंद करण्याचे कारखाने उभे राहिले. पुरुष होड्यांवर आणि बायका कारखान्यात. होडी कोणत्याही वेळी लागो, मासा थांबत नाही, म्हणून बायकांना रात्री-अपरात्री बोलावणं यायचं. डोकी काढायची, मिठाच्या पाण्यात ठेवायचं, वाळवायचं, तेलात तळायचं आणि डब्यात एकेक मासा हाताने रचायचा. चांगल्या डब्यांसाठी ही रचाई आजही हातानेच होते. या बायकांना 'पेन सार्दिन' म्हणत. ब्रिटनीच्या ब्रेतों भाषेत त्याचा अर्थ सार्डिनचं डोकं. केस घट्ट झाकणारी त्यांची छोटी पांढरी टोपीही याच नावाने ओळखली जाई. १९२४ च्या नोव्हेंबरात त्यांनी संप केला. तासाला ८० सांतीम (शंभर सांतीमचा एक फ्रँक) मिळत होते, त्या सव्वा फ्रँक मागत होत्या. संप दीड महिना चालला आणि एक फ्रँक पदरात पडला. त्यांच्यातलीच जोझेफीन पेंकाले १९२५ मध्ये नगरपालिकेवर निवडून आली, तेव्हा फ्रान्समध्ये बायकांना मतदानाचा हक्कसुद्धा नव्हता. पुढे तिची निवड रद्द केली गेली. बंदरावरून चालताना हे माहीत असलं की दुकानातल्या रंगीत डब्यांकडे नुसत्या भेटवस्तू म्हणून बघवत नाही.

डबे घेताना त्यावरचं साल बघा. ज्या वर्षीची मासळी ते वर्ष छापलेले डबे मिळतात, आणि तेलात मुरून ते वर्षागणिक चांगले होतात. लोक घरी ठेवून दर सहा महिन्यांनी डबा उलटा करतात, आपण लोणच्याची बरणी हलवतो तसं. यजमानांना सांगा, गरम करायचं नाही. पाव, खारं लोणी आणि वर सार्डिन, बस.

तुमच्यासाठी दुआर्ननेत क्विन्य-अमान आहे. 'क्विन्य' म्हणजे केक, 'अमान' म्हणजे लोणी, आणि जन्मगाव हेच, साधारण १८६०. पावाचं पीठ घडी घालून लाटायचं, प्रत्येक घडीत खारं लोणी आणि साखर. पिठाचं प्रमाण चाळीस टक्के, लोणी तीस, साखर तीस. खाली साखरेचा कडक काकवीसारखा थर बसतो. पारंपरिक कृतीत पिठात अंडं नसतं (काही ठिकाणी वरून बलक लावतात). कोमटच खायचं. गार तुकडा खाऊन मत बनवू नका.

आता तुमच्या जेवणाचं, कारण फसगत इथेच होते. क्रेपरी, म्हणजे तव्यावरच्या पातळ घावनांचं हॉटेल, हे तुमचं हक्काचं ठिकाण. तिखटमिठाची ती गालेत, कुट्टूच्या पिठाची, आणि गोडाचं ते क्रेप, गव्हाचं. मोठ्या सपाट तव्याला 'बिलिग' म्हणतात, पीठ पसरायच्या लाकडी दांडीला 'रोझेल'. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आजीचं घावन आठवलं, फक्त इथे पीठ ओतून सोडत नाहीत, मनगटाच्या एका फेऱ्यात पसरवतात. 'काँप्लेत' मध्ये अंडं, चीज आणि हॅम असतं, तेव्हा 'साँ जाँबाँ', म्हणजे हॅमशिवाय, असं सांगायचं. पण तेवढ्याने भागत नाही. जुन्या पद्धतीत तव्याला डुकराची चरबी लावतात, कधी अंड्याच्या बलकात कालवून. हॅम काढलं तरी ती राहते, आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. मला हे तिसऱ्या वर्षी कळलं, तोवर आईला दोनदा तिथे जेवायला घालून झालं होतं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून आत शिरतानाच 'सँदू', म्हणजे डुकराची चरबी, हा शब्द उच्चारून विचारा. लोणी लावणाऱ्या क्रेपरी भरपूर आहेत आणि विचारल्याचा कुणाला राग येत नाही. चीजमधलं रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं विरजण) तुम्हाला चालत नसेल तर अळंबी किंवा लीकची (कांद्याच्या पातीसारखी भाजी) गालेत मागा. कडा कुरकुरीत हव्या असतील तर 'क्राझ' म्हणायचं. सोबत सायडर वाडग्यातून देतात.

मुलीसाठी एक सकाळ कँपेरच्या लोकमारिया भागात ठेवा. ओदे नदीच्या काठी फायान्सची, म्हणजे पांढऱ्या ग्लेझवर रंगवलेली मातीची, भांडी करणारी जुनी वस्ती आहे. तिथला आँरियो हा कारखाना आपलं साल १६९० सांगतो. माती एकदा भाजून, कथलाच्या पांढऱ्या ग्लेझमध्ये बुडवून, ते कोरडं झालं की त्यावर हाताने रंगवतात आणि पुन्हा भट्टीत घालतात. ते कोरडं ग्लेझ टीपकागदासारखं रंग ओढून घेतं, त्यामुळे चुकलेली रेघ पुसता येत नाही. कुंचला टेकवून दाबायचा आणि उचलायचा, एका टेकवणीत एक पाकळी. मातीकाम करणारी मुलगी तिथून लवकर निघणार नाही, दुपारचं काही ठरवू नका. कार्यशाळेच्या फेरीची वेळ आधी बघून घ्या. दोन कानांचे वाडगे घेतलेत तर हातसामानात ठेवा, फायान्सचे टवके पटकन उडतात.

१९०२ च्या सुमाराला सार्डिन अचानक या किनाऱ्यावरून नाहीशी झाली आणि घरोघरी उपासमार आली. पाँ-लाबेच्या बिगुडेन भागात तेव्हा बायकापोरींना आयरिश पद्धतीची क्रोशाची लेस शिकवली गेली. सुई-दोऱ्यावर घरं तगली आणि 'पिको' नावाने ती कला तिथलीच झाली. पाँ-लाबेच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात भरतकाम आणि हातभर उंच टोप्या बघाल तेव्हा हे लक्षात असू द्या. काँकार्नोचा निळ्या जाळ्यांचा उत्सवही त्याच संकटात कोळ्यांच्या कुटुंबांना मदत म्हणून १९०५ मध्ये सुरू झाला. तो ऑगस्टात असतो, तुम्हाला मिळणार नाही, पण तटबंदीतलं मासेमारी संग्रहालय बघा.

ल गिल्विनेकला सकाळी जाऊ नका. मी पहिल्यांदा अकराला पोचले तर धक्का मोकळा होता. किनाऱ्याजवळचे ट्रॉलर पहाटे निघतात आणि संध्याकाळी पाचच्या आसपास एकामागून एक परततात, तेही फक्त कामाच्या दिवशी. वरच्या गच्चीवरून जिवंत लांगुस्तीनच्या (छोट्या शेवंडीसारख्या) पेट्या उतरताना दिसतात.

गाडीचं म्हणाल तर या एकाच दिवसासाठी घ्या, बाकी गावांना बस आहे. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी पुष्कळ दुकानं बंद असतात, तेव्हा मंगळवारी पोचून शुक्रवारी निघालात तर चारही दिवस हाती लागतील. शुक्रवारी रेल्वे पकडण्याआधी कँपेरच्या मंडईत जाऊन खारं लोणी घ्या, मुलीच्या फ्रीजसाठी.