पडद्याला प्रश्न : एक जंगल, ढीगभर मढी आणि तुमची पत्रं

मागच्या अंकात ‘व्हर्सस’ या जपानी सिनेमावर चार ओळी लिहिल्या आणि पत्रं आली ती निम्मी शिव्या घालणारी, निम्मी शिट्ट्या मारणारी. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रियुहेई कितामुराचा २००० सालचा सिनेमा, तुरुंगातनं पळालेला एक कैदी जंगलात एका याकुझा, म्हणजे जपानी गुंडांच्या टोळीला भेटतो, तिथं भांडण होतं, आणि याच टोळीनं आजवर मारून त्या जंगलात पुरलेली मढी उठून उभी राहतात, म्हणजे झॉम्बी. मग दोन तास हाणामारी. संपलं.

आम्ही सगळ्या मित्रांनी गच्चीवर प्रोजेक्टर लावून बघितला, निम्मे झोपले. अख्खा सिनेमा एकाच जंगलात, कुठल्याच पात्राला नाव नाही, स्टोरी दोन ओळीत संपते. असल्या भिकार बजेटच्या सिनेमाला तुम्ही चांगला कसा काय म्हणता?
*एक वाचक, विश्रामबाग, सांगली*

जे निम्मे जागे होते त्यांना काय वाटलं ते लिहिलंच नाही तुम्ही! असो. मधला अर्धा तास लांबलाय हे मान्यच आहे, दोघं जण कोट उडवत एकमेकांकडं नुसतं बघत उभे राहतात तेवढ्यात आपला चहा करून होतो, तिथं कात्री लावायलाच पाहिजे होती. पण जंगलावर राग धरू नका. खिशात पैसे नसले की जंगलासारखी जागा नाही, सेट उभा करायला नको, बघ्यांची गर्दी आवरायला नको, कॅमेरा नुसता मागं वळवला की दुसरी जागा तयार. आणि वाचलेला सगळा जीव त्यांनी मारामारीत ओतलाय, तलवार, बंदुका, लाथा, ते बघताना कुठंही हात आखडलेला दिसत नाही. मला राग येतो तो दुसऱ्या जातीच्या सिनेमांचा, ज्यांच्याकडं पैसे नसतात पण शहर जळताना दाखवायचंच असतं, मग कॉम्प्युटरवरनं चिकटवलेल्या ज्वाळा आणि त्याच्यापुढं घाबरल्याचं नाटक करणारी चार माणसं. पैसे नाहीत हे कळलं म्हणून कुणी उठून जात नाही हो, पैसे आहेत असा आव आणला की जातं.

आणि झॉम्बी सिनेमाचा हा सगळा प्रकारच गरिबीत वाढलाय. जॉर्ज रोमेरोचा १९६८ चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ साधारण १ लाख १४ हजार डॉलरमध्ये झाला, पेन्सिल्व्हेनियातलं एक शेतावरचं घर मिळालं जे तसंही पाडायचंच होतं, म्हणून त्याची मोडतोड करायला कुणाची हरकत नव्हती, आणि सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट असल्यानं रक्त म्हणून चॉकलेट सिरप चाललं. घरात कोंडून घेतलेली माणसं आणि बाहेर मढी, ही मांडणी पुढं किती जणांनी उचलली याला गणतीच नाही, पण मुळात ती कमी पैशात बसणारी मांडणी आहे हे विसरू नका.

मला तर जाम आवडला, मढी बंदुका चालवतात हे तर नाद खुळा! एक डाऊट आहे, काही सिनेमांत झॉम्बी लंगडत चालतात आणि काहींत सुसाट पळतात, नक्की नियम काय?
*कॉलेजकुमार, शाहूपुरी, सातारा*

नियम कसला आलाय, ज्याचा त्याचा कारभार. रोमेरोची मढी रेंगाळत चालतात. डॅनी बॉयलच्या २००२ च्या ‘ट्वेंटी एट डेज लेटर’मध्ये पळतात, पण ती मेलेली नाहीतच, विषाणूनं पिसाळलेली जिवंत माणसं आहेत. बजेटवाल्याला विचारशील तर तो हळू चालणारंच मागंल, कारण पळणारा माणूस पडतो, पाय मुरगळतो, त्याला स्टंटवाला लागतो. हळू चालायला शेजारचा काकापण चालतो. फक्त अ‍ॅक्शन सिनेमात घोटाळा असा होतो की हळू चालणाऱ्याला हिरो कशाला घाबरंल? म्हणून एक तर गर्दी वाढवायची नाहीतर मढ्याच्या हातात बंदूक द्यायची. तुला जे भारी वाटलं ते या अडचणीचंच उत्तर आहे.

मुलगा पंधरा वर्षांचा आहे, तुमचं वाचून हा सिनेमा बघायचा म्हणून मागं लागलाय. दाखवू का?
*एक आई, मिरज*

नको ताई, ‘व्हर्सस’ नको. रक्त फार आहे आणि ते मजेत उडवलंय. त्याला झॉम्बीच पाहिजे असतील तर शिनिचिरो उएडाचा २०१७ चा ‘वन कट ऑफ द डेड’ आधी तुम्ही बघा, मग ठरवा, त्यातपण रक्त आहे पण हसवणारा सिनेमा आहे आणि पुढं जाऊन त्यात एक अख्खं कुटुंब येतं. तीस लाख येनमध्ये केलेला, आणि जपानात तीनशे कोटी येनच्या वर गल्ला जमवला त्यानं. पहिली सदतीस मिनिटं एकाच शॉटमध्ये आहेत आणि ती बघताना वाटंल की काय हे येड्यासारखं काम करतायत, तेवढ्यात उठू नका. का ते सांगितलं तर मजा जाईल.

रोमेरोचा तो जुना सिनेमा नेटवर कुठंही फुकट मिळतो, म्हणजे पायरसीच ना?
*सदर बझार, सातारा*

अमेरिकेत तरी नाही. सिनेमाचं आधीचं नाव ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’ होतं, वितरकानं ऐनवेळी नाव बदललं आणि नव्या टायटलवर कॉपीराइटची ओळ टाकायचीच राहिली. तेव्हाच्या तिकडच्या कायद्यात ती ओळ नसली की हक्क गेला. करणाऱ्यांच्या हातचे किती पैसे गेले असतील ते सोडा, पण कुठल्याही चॅनेलनं फुकट दाखवावा आणि कुणीही कॅसेट काढावी असं झाल्यानं तो घरोघरी पोचला हेपण खरंच.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं त्या नाट्यपंढरीतलं मासिक मढ्यांच्या मारामारीला पानं देतं याची खंत वाटते.
*निवृत्त शिक्षक, सांगली*

सर, नमस्कार. तुमच्या पत्राचा आदर आहे पण भाव्यांना मध्ये आणलंत तर बोलावं लागंल. त्या काळच्या पौराणिक नाटकांत राक्षस कसे यायचे? ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकत, तलवारी नाचवत, आणि पुढं बसलेली पोरं टरकायची. लोकांनी त्या नाटकांचं नावच अललडुर्र पाडलं होतं. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेबांच्या आश्रयानं उभी राहिलेली ती परंपरा आपण आज मानानं मिरवतो, आणि त्यात भक्ती होती, गाणं होतं, हे या सिनेमात नाही, कबूल आहे. पण राक्षस बघायला यायचं आणि टरकून घरी जायचं ही हौस सांगलीला जपानकडनं शिकावी लागलेली नाही.

मराठीत आहे का असला एखादा?
*विटा*

आहे की, आदित्य सरपोतदारांचा २०२२ चा ‘झोंबिवली’. डोंबिवली, पाण्याचं भांडण, टॉवरवाले आणि वस्तीवाले. शेवट मला ताणलेला वाटला पण जागा आपली वाटते, तेवढ्यासाठी बघाच.

दादा, आम्ही पोरं मिळून मोबाईलवर झॉम्बी शॉर्ट फिल्म करतोय, उसात. रक्त, मेकअप, परवानगी सगळंच सांगा, पैसे नाहीत.
*तासगाव*

लेका, उसात म्हणालास तिथंच निम्मं काम झालं. डोक्यावर गेलेला ऊस, दोन हातापलीकडचं दिसत नाही, आणि पाचटाचा आवाज असा की माणूस चालतोय का वारा हे कळत नाही. तो आवाज वेगळा रेकॉर्ड करून घे, दुसऱ्या मोबाईलवर, माईक पाचटाजवळ धरून. पूर्ण बाह्यांचे शर्ट घाला, उसाचं पान कापतं. आणि उसातले सगळे सीन सलग उरकून घे, कारण एकदा हंगाम सुरू झाला आणि तोड आली की मालकाच्यापण हातात काही नसतं, टोळी येते आणि दुसऱ्या दिवशी तुझं लोकेशन कारखान्यात गेलेलं असतं.

रात्री उसात जायचं नाही, इथं ऐक. शिराळा, कराडकडं तर बिबट्याची मादी पिल्लंच उसात घालते, आणि आता तो कुठं दिसंल याचा भरवसा राहिला नाही. दिवसाच शूट कर, मोबाईलमध्ये एक्सपोजर खाली घे, आभाळ फ्रेममध्ये येऊ देऊ नको आणि एडिटला थोडा निळा टाक, रात्र होते. आधीपासनं वापरतात ही युक्ती.

रक्ताला लिक्विड ग्लुकोज, बेकरी सामानाच्या दुकानात मिळतं, त्यात खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको पावडर, नुसता लाल टाकलास तर रोझ सरबत दिसंल. गोड असल्यानं मुंग्या लागणार, ते धरून चाल. कपड्यावरचा डाग जात नाही, म्हणून ज्याला रक्त लागणार त्याचे एकसारखे दोन शर्ट ठेव, नाहीतर रिटेक विसर. सोललेल्या कातडीला टिश्यू पेपर आणि लिक्विड लेटेक्स, म्हणजे मेकअपचं पातळ रबर, आधी मनगटावर लावून बघ खाज येते का. लाकूड चिकटवायचा गोंद तोंडाला अजिबात नको. आणि आपल्याकडं मुबलक आहे म्हणून हळद फासू नको, मढी कावीळ झाल्यागत दिसतील आणि चार दिवस कॉलेजला तसंच जावं लागंल.

परवानगी रानमालकाची घेच. खेळण्यातली बंदूक असली तरी पोलीस ठाण्यात लेखी कळव, पोलीस पाटलांनापण सांग, नाहीतर कुणीतरी लांबनं व्हिडिओ काढून व्हॉट्सअपवर टाकंल आणि तुमची फिल्म निघायच्या आधी तोच व्हायरल होईल. सागरेश्वरच्या अभयारण्यात वनखात्याची परवानगी नसताना घुसायचा विचार तर करूच नको.

शेवटचं, मढ्यांचं काम करणाऱ्या पोरांना जेवण वेळेवर दे. फुकट येणारा गडी उपाशी राहिला की दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि काल उसातनं वीस मढी निघाली, आज सहाच, हे कुठल्याच एडिटिंगला झाकता येत नाही.