वाचकांचे प्रश्न: सात सॉफ्टवेअर की एक जिना?

परीक्षा संपत आल्या की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. आर्किटेक्चरच्या मुलांचं वर्षभर ज्युरी (म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडणं), सबमिशन, मार्क असं चाललेलं असतं आणि मग एकदम सगळेच विचारायला लागतात, ताई सुट्टीत कुठला कोर्स करू, पोर्टफोलिओ म्हणजे निवडक कामाची पुस्तिका कशी करू, लॅपटॉप कुठला घेऊ. या वेळी इतकी पत्रं आलीयेत की अख्खं सदर त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

ताई, माझी शाळा संपली आणि मला आर्किटेक्चरला जायचंय. सुट्टीचे सहा आठवडे हातात आहेत. एक कोर्स चार आठवड्यांचा आहे, त्यात ऑटोकॅड, स्केचअप, रेव्हिट, रायनो, फोटोशॉप, इनडिझाइन आणि लुमिओन असं सगळं शिकवतात आणि शेवटी सर्टिफिकेट देतात. दुसरा दोनच आठवड्यांचा, त्यात एक छोटंसं प्रोजेक्ट आणि पोर्टफोलिओची दहा पानं, बस. घरचे म्हणतात पहिला घे, जास्त शिकायला मिळेल. काय करू?

दुसरा घे. घरच्यांचं म्हणणं मला समजतं, यादी मोठी दिसली की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं, पण एकदा हिशोब करून बघ ना. चार आठवडे म्हणजे शिकवायचे साधारण वीस दिवस, त्यात सात सॉफ्टवेअर, म्हणजे एकाच्या वाट्याला तीन दिवसही धड येत नाहीत. तीन दिवसांत कुठलं बटण कुठे आहे एवढंच कळतं, आणि ते वापरायला स्वतःचं काही काम नसेल तर कॉलेज सुरू होईपर्यंत तेही विसरायला होतं. शिवाय ही यादी कायमची नसते. ऑटोकॅड १९८२ मध्ये आलं, स्केचअप आणि रेव्हिट २००० मध्ये, रायनोला जोडून चालणारं ग्रासहॉपर २००७ मध्ये. तू पाच वर्षांनी बाहेर पडशील तेव्हा अजून काहीतरी आलेलं असेल आणि तेही तू शिकशीलच, कारण गरज पडली की सॉफ्टवेअर शिकता येतं. नीट बघायची सवय मात्र अशी गरज पडल्यावर पटकन लागत नाही, ती आत्ताच लावून घे.

बघायची सवय म्हणजे नेमकं काय ते सांगते. तुझ्या घरातला, शाळेतला, कुठलाही एक जिना घे आणि मोजपट्टीने मोज. एका पायरीची उंची आणि पाय ठेवायची रुंदी, दोन्ही. समज उंची १७ सेंटिमीटर निघाली आणि रुंदी २८. आता उंचीची दुप्पट कर आणि त्यात रुंदी मिळव, ३४ अधिक २८, झाले ६२. हे उत्तर ६० ते ६४ च्या आसपास आलं तर जिना चढताना पावलं सहज पडतात. हा हिशोब १७व्या शतकातल्या फ्रान्समध्ये फ्रान्स्वा ब्लाँदेल या आर्किटेक्टने माणसाच्या चालीवरून मांडला आणि आजही ऑफिसात तोच वापरतात. मग दुसरा एखादा जिना मोज, ज्याच्यावर तुला दम लागतो किंवा कुणीतरी अडखळतंच असा. आकडे बघून तुझं तुलाच कळेल तिथे काय चुकलंय.

आता हा जिना १:२० मध्ये, म्हणजे खऱ्या मापाच्या विसाव्या भागाने, हाताने काढ, प्लॅन (वरून दिसणारा नकाशा) आणि सेक्शन (उभा काप). मग तोच एका सॉफ्टवेअरमध्ये, एकाच. कापलेला भाग ०.५ मिमीच्या रेषेने, समोर दिसणाऱ्या कडा ०.२५ ने आणि लांबचं सगळं ०.१३ ने. तीन जाडीच्या रेषा नीट लावल्यास ना की सपाट कागदावर खोली दिसायला लागते, आणि पहिल्यांदा ते दिसतं तेव्हा जो आनंद होतो तो मी इतक्या मुलांच्या चेहऱ्यावर बघितलाय की त्याचं मला अजून अप्रूप वाटतं. शेवटी त्या जिन्यात एकच सुधारणा सुचव, वळणावर उजेड आण किंवा कठडा लहान मुलाच्या हाताला येईल असा कर, आणि सगळं एका शीटवर मांड. एवढं केलंस तर तुझ्याकडे पोर्टफोलिओचं एक खरं पान तयार झालं.

जपानी आर्किटेक्ट ताडाओ आंडोने आर्किटेक्चरचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. त्याने ल कॉर्ब्युझिए या नावाजलेल्या आर्किटेक्टच्या ड्रॉइंगचं पुस्तक मिळवलं आणि ती ड्रॉइंग इतक्या वेळा गिरवली की पानं काळी पडली. पुढे १९९५ मध्ये त्याला प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मानाचं पारितोषिक, मिळालं. कॉलेजला जाऊ नकोस असं मी म्हणत नाहीये हं, पण एकच गोष्ट परत परत काढण्यात किती शिक्षण असतं ते यातून दिसतं.

फी भरायच्या आधी कोर्सवाल्यांना तीन गोष्टी विचार. एका शिक्षकामागे किती मुलं, माझ्या स्वतःच्या ड्रॉइंगवर रोज कोणी बसून बोलणार का, आणि मागच्या बॅचमधल्या एखाद्या साध्या, मधल्या फळीतल्या मुलाचं पूर्ण काम बघायला मिळेल का. सगळ्यात हुशार मुलीची एक चकचकीत इमेज सगळेच दाखवतात, त्यावरून काही कळत नाही. तिसऱ्या प्रश्नाला जिथे टाळाटाळ होईल तिथे जाऊ नकोस.

मॅडम, मुलगा म्हणतो या कोर्ससाठी सगळ्यात महागडा लॅपटॉपच लागेल आणि सॉफ्टवेअर मित्राकडून घेतो, फुकट मिळतं. मला यातलं काही कळत नाही. खरंच एवढा खर्च करावा लागतो का?

नाही, निदान या सुट्टीत तरी नाही. काही आठवड्यांच्या कोर्सला घरात आहे तो लॅपटॉप बऱ्याचदा चालून जातो, आणि कोर्सच्या जागी कॉम्प्युटर असतील तर तोही प्रश्न मिटतो, आधी तेवढं विचारून घ्या. नवीन घ्यायचाच असेल तर कॉलेजमध्ये प्रवेश झाल्यावर, तिथे काय वापरतात ते बघून घ्या, कारण रेव्हिट आणि थ्रीडीएस मॅक्स फक्त विंडोजवर चालतात आणि घाईत दुसरंच काही घेतलं की वर्षभर अडायला होतं. तेव्हा १६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला मधला लॅपटॉप पहिल्या दोन वर्षांना पुरतो.

सॉफ्टवेअर मित्राकडून घेण्याचं मात्र त्याला शांतपणे बसवून नको म्हणा. क्रॅक केलेल्या कॉपीतून व्हायरस येतो आणि सबमिशनच्या आदल्या रात्री फाइल उघडत नाही, आणि हे मी अंदाजाने बोलत नाहीये, एका विद्यार्थिनीचं पूर्ण सेमिस्टरचं काम असं जाताना मी शेजारी बसून बघितलंय, ती रडत होती आणि मला काहीच करता येत नव्हतं. आणि याची गरजही नाही हो. ब्लेंडर पूर्णपणे मोफत आहे, स्केचअपची साधी आवृत्ती ब्राउझरमध्ये फुकट चालते, रायनोची पूर्ण आवृत्ती ९० दिवस वापरून बघता येते म्हणजे अख्खी सुट्टी त्यात बसते, आणि ऑटोकॅड, रेव्हिट बनवणारी ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना शिक्षणाचा पुरावा दाखवला की एक वर्षाचं मोफत लायसन्स देते, ते पुढे दरवर्षी वाढवताही येतं. पानं मांडायला स्क्रायबस आणि फोटो नीट करायला गिंप, दोन्ही मोफत. त्याला सांगा, वाचलेल्या पैशातून एक चांगली मोजपट्टी, कटर आणि स्केचबुक घे.

ताई, मी सेकंड इयरला आहे, सुट्टीत इंटर्नशिपसाठी अप्लाय करतेय. पोर्टफोलिओ ४२ पानांचा झालाय, फाइल ९० एमबीची. बारा ठिकाणी पाठवला, एकाचंही उत्तर नाही. पोर्टफोलिओचा दहा दिवसांचा कोर्स करू का? आणि ग्रुपमध्ये केलेलं काम टाकलं तर चालतं का?

कोर्स कर किंवा नको करूस, पण आधी ही फाइल हलकी कर, कारण मला वाटतं ती बऱ्याच ठिकाणी पोचलीच नसेल, ९० एमबीचा मेल अनेकदा परतच येतो. ऑफिसात पोर्टफोलिओ बघणारा माणूस साइटवरून आलेला असतो, दोन मीटिंगच्या मध्ये फोनवर फाइल उघडतो आणि पहिली तीनचार पानं बघून ठरवतो की पुढे बघायचं की नाही. त्याच्यासाठी १२ ते १५ पानं, १० एमबीच्या आत. प्रिंटसाठी वेगळी फाइल ठेव, ती ३०० डीपीआयची (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके), आणि बाहेरून छापून घेणार असशील तर चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे छापल्यावर कापून जाणारी जादा कडा, सोड. ए३ पान ३०० डीपीआयला साधारण ४९६१ बाय ३५०८ पिक्सेल होतं, त्यामुळे चॅटवरून आलेला दाबलेला फोटो पूर्ण पानभर ताणलास की तो फाटणारच. मूळ फोटो शोधून काढ.

आता ४२ ची १५ कशी करायची. तुझ्याकडे सहा प्रोजेक्ट आहेत असं लिहिलंयस, त्यातली तीन ठेव. जे तुला सगळ्यात आवडतं ते पहिलं, दुसऱ्या नंबरचं शेवटी, आणि तारखेप्रमाणे लावायच्या भानगडीत पडू नकोस, पहिल्या सेमिस्टरचं कच्चं काम पहिल्या पानावर आलं की तुझ्यावर अन्याय तूच करतेस. प्रत्येक प्रोजेक्टला चार पानं धर. पहिल्या पानावर एकच मोठं ड्रॉइंग आणि तीन ओळी, कुणासाठी, कुठे, काय अडचण होती. दुसऱ्यावर तू आधी काय केलं होतंस आणि ते का सोडलंस. हे पान मुलं हमखास गाळतात आणि मला तर सगळ्यात आधी तेच बघायचं असतं! ट्रेसिंगवरचे खोडलेले प्लॅन, फसलेलं मॉडेल, क्रिटमध्ये (कामावरच्या चर्चेत) सरांनी लाल पेनाने मारलेली रेघ, ते सगळं स्कॅन करून टाक, साफ करू नकोस. तिसऱ्यावर प्लॅन आणि सेक्शन, स्केल आणि उत्तर दिशा लिहून. पीडीएफ स्क्रीनवर लहानमोठी होते म्हणून १:१०० असं नुसतं लिहून भागत नाही, खाली स्केलची पट्टीही काढ. चौथ्यावर एक व्ह्यू, डोळ्यांच्या उंचीवरून म्हणजे १.६ मीटरच्या आसपास, आकाशातून नको. आपल्याकडे मुलं ड्रोनसारखे व्ह्यू फार लावतात पण त्या घरात राहणारा माणूस तसं कधीच बघणार नसतो.

राहिलेली दोनतीन पानं मोजणीच्या ड्रॉइंगला, स्केचला, एखाद्या फर्निचरला दे. आणि ती सॉफ्टवेअरची पट्टी काढून टाक, फोटोशॉप ८० टक्के, रेव्हिट ६५ टक्के वगैरे. त्या आकड्यांना काही अर्थ नाही, सॉफ्टवेअरची नावं एका ओळीत लिही आणि पुढे जा.

ग्रुपचं काम बिनधास्त टाक, पण तू काय केलंस ते स्पष्ट लिही. "चौघांचं काम, सेक्शन आणि १:५० चं मॉडेल माझं" एवढी एक ओळ बास. बाकीच्यांची नावंही लिही. तेच प्रोजेक्ट तुझ्या मैत्रिणीच्याही पोर्टफोलिओत असतं आणि दोन्ही एकाच टेबलावर येऊ शकतात, तेव्हा खरं लिहिणारीवर पटकन विश्वास बसतो.

हे सगळं करून झाल्यावरही अडलंस तर तो कोर्स कर, पण तिथे रिकाम्या हाताने जाऊ नकोस, ही १५ पानं घेऊन जा. मग दहा दिवस तुझ्या कामावर चर्चा होईल, टेम्प्लेटवर नाही.

माझं ड्रॉइंग फार वाईट आहे. कोर्सला गेलो तर सगळे हसतील का?

नाही हसणार रे, आणि तिथे जायचं ते शिकायलाच ना. रोज एक छोटी वस्तू दहा मिनिटं बघून काढ, खोडरबर न वापरता. तीस दिवसांनी पहिलं आणि तिसावं पान शेजारी ठेव आणि मला परत लिही, मी खरंच वाट बघेन.

एआयने केलेल्या इमेज पोर्टफोलिओत टाकल्या तर चालतात का? कोर्समध्ये सध्या तेच शिकवतायत. कमी वेळात भारी दिसतं.

भारी दिसतं हे खरंय. पण इंटरव्ह्यूला समोरचा माणूस इमेजवर बोट ठेवून विचारतो, हा खांब प्लॅनमध्ये कुठे आहे, हा जिना वर कुठे निघतो, आणि तेव्हा मुलं गप्प होतात कारण तो खांब प्लॅनमध्ये नसतोच. इमेज सुंदर आणि इमारत उभी राहणार नाही अशी, हे मी गेल्या काही ज्युरींत वारंवार बघतेय आणि मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यातल्या बऱ्याच मुलांचे मूळ प्लॅन चांगले होते, त्यांना त्या इमेजची गरजच नव्हती.

वापरायचंच असेल तर सुरुवातीला मूड शोधायला वापर, किंवा तुझ्या स्वतःच्या मॉडेलच्या व्ह्यूवर झाडं, आकाश, माणसं घालायला, आणि खाली एका ओळीत तसं लिही. ज्या ठिकाणी अर्ज करतोयस त्यांचा याबद्दल नियम असेल तर तो आधी वाच. इमेजमधली प्रत्येक भिंत तुझ्या सेक्शनशी जुळवून बघ, नाही जुळली तर काढून टाक.

शेवटचा छोटा प्रश्न. मॉडेलचे फोटो नेहमी खेळण्यासारखे का येतात? माझ्याकडे कॅमेरा नाही, फक्त फोन आहे.

कारण फोटो वरून काढला जातो. तुझं मॉडेल १:५० चं असेल तर त्यातल्या माणसाचे डोळे जमिनीपासून ३.२ सेंटिमीटरवर असतात, १:१०० असेल तर १.६ वर. फोन उलटा धर म्हणजे लेन्स खाली येईल, आणि मॉडेल टेबलाच्या कडेला सरकव. खिडकीशेजारी ठेव पण थेट ऊन नको, मागे राखाडी कागद लाव, दिवा आणि फ्लॅश बंद. झूम करू नकोस, त्याऐवजी जवळ जा, अगदीच जवळ गेल्यावर फोकस सुटला तर थोडी मागे ये आणि नंतर कापून घे. कटरने कापताना राहिलेले धागे आणि गोंदाचे थेंब फोटोत दसपट मोठे दिसतात, त्यामुळे आधी मऊ ब्रशने सगळं झाडून घे.