गोळ्या सोडणाऱ्या माणसाला माणसांपासून तोडू नका

पाठीच्या ऑपरेशननंतर सुरू झालेल्या ओपिऑइड (अफूच्या जातीच्या, दुखणं दाबणाऱ्या) गोळ्या तुमच्या मिस्टरांनी बऱ्याच कमी करत आणल्यात. मुलगी मांडीवर येऊन बसली तरी ‘आत काही पोचतच नाही’ म्हणतात, आणि तुम्हाला यायला जरा उशीर झाला की रडतात. आता उरलेला डोस व्यसनमुक्ती केंद्रात राहून सोडवा, सुरुवातीला घरच्यांची भेट बंद, असं तुम्हाला सांगितलंय. माझं जवळपास हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितोय. मी डॉक्टर नाही. डोस किती आणि कसा उतरवायचा यावर मी बोलणार नाही, ते त्यांच्या डॉक्टरांकडूनच. अंगावर काटा, जांभया, जुलाब, रात्री पायांची तडफड हे तुम्हाला एव्हाना पाठ झालं असेल, तेही सोडून देतो.

आधी ते रडण्याचं. ‘मन कमकुवत आहे’ असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. मेंदूत ओपिऑइडचे रिसेप्टर, म्हणजे ते जिथे जाऊन चिकटतात आणि काम करतात त्या जागा, असतात हे १९७३ मध्ये दिसलं, आणि मेंदू स्वतःच तसले पदार्थ तयार करतो हे १९७५ मध्ये ॲबर्डीनला ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी दाखवलं. ते कशासाठी? फक्त दुखणं दाबायला नाही. याक पॅन्कसेप नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की अफूची सवय तुटलेल्या माणसाची आणि आपल्या माणसापासून तुटलेल्या जिवाची लक्षणं फार जुळतात: रडू, झोप उडणं, अन्नावरची वासना जाणं, चिडचिड. १९७८ मध्ये त्यांच्या गटाने आईपासून दूर केलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना अगदी थोडं मॉर्फिन, म्हणजे ओपिऑइडच, दिलं. झोप यावी इतकंही नाही. पिल्लांचं केकाटणं कमी झालं. म्हणजे तुमचे मिस्टर एकाच वेळी दोन्हीकडून मार खातायत. गोळी कमी होतेय, आणि तुम्ही दाराबाहेर गेलात की त्याच जखमेवर पुन्हा बोट पडतं.

मुलीचं जे झालंय तेही याच हिशेबातलं. बाहेरून भरपूर पुरवठा होत राहिला की रिसेप्टर त्याला सरावतात; मग मिठीतून, हसण्यातून जे थोडंसं आतून सुटतं ते त्यांना पुरत नाही. प्रेम आटलेलं नाही. माझ्या बाबतीत ते परत आलं, पण सावकाश आणि आधी भलत्याच जागी: कुणीतरी केस कापत असताना मानेवर हात टेकला आणि मला एकदम भरून आलं. सगळ्यांचं असंच होईल असं मी म्हणत नाही.

आता केंद्राबद्दल. मी जिथे होतो तिथल्या डॉक्टरांबद्दल तक्रार नाही, औषधं त्यांनी नीट दिली. तक्रार आहे ती भेटीच्या नियमाबद्दल. बायको धुतलेले कपडे घेऊन यायची. खिडकीतून पिशवी आत घेतली जायची, आणि तिला तिथूनच परत पाठवायचे. मला कॉरिडॉरमध्ये तिचा आवाज ऐकू यायचा, ‘फक्त लांबून बघते’ म्हणायची. खिडकीतला माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडे एक छापील कागद होता आणि तो तेवढाच वाचून दाखवायचा. कारण विचारलं तर ‘नियम आहे’. घरी आल्यावर लेखी तक्रार केली, तर उत्तर आलं की हा नियम रुग्णाच्या हिताचाच आहे. कुठल्या हिताचा, ते नाही लिहिलं! त्या औषधांनी झालं नाही एवढं नुकसान त्या एकटेपणाने केलं, असं माझं ठाम मत आहे. बाहेरून गोळ्या आत येतात ही भीती खरी आहे, मान्य. मग पिशव्या तपासा, समोर बसून भेटू द्या. आणि हो, काही घरांत घरचेच जाच असतात. तिथे भेट बंद ठेवणं बरोबर. पण सरसकट?

केंब्रिजला केव्हर्न आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये माकडांवर केलेलं काम मला नंतर कळलं. एकमेकांचे केस साफ करून घेतल्यावर त्यांच्या मेंदूभोवतीच्या द्रवात बीटा-एंडॉर्फिन, म्हणजे मेंदूचं स्वतःचं एक ओपिऑइड, वाढलेलं सापडलं. रिसेप्टर अडवणारं औषध दिल्यावर ती ‘मला साफ कर’ म्हणून जास्तच मागे लागली. हल्ली जवळीक म्हटलं की जो तो ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचं नाव घेतो, या बाजूकडे कुणी बघत नाही. २०१७ मध्ये फिनलंडमध्ये स्कॅन करून पाहिलं, तर मित्रांसोबत हसल्यावर मेंदूत ओपिऑइड सुटताना दिसले. त्यामुळे गंभीर चेहऱ्याने समोर बसून ‘कसं वाटतंय’ विचारत राहण्यापेक्षा त्यांच्या एखाद्या वात्रट मित्राला बोलवा. एंडॉर्फिन वाढवण्याच्या नावाने जे काही विकलं जातं त्यावर मात्र पैसे घालवू नका.

केंद्राला विचारायचंच असेल तर दाखल करण्याआधी विचारा, आणि लेखी घ्या: भेट केव्हापासून, फोन रोज होईल का, नाही तर का नाही. उत्तर ‘नियम आहे’ एवढंच आलं तर मी दुसरं केंद्र बघेन. पुढे नाल्ट्रेक्सोन (गोळ्यांकडे पुन्हा वळू नये म्हणून देतात ते औषध) सुचवलं तर तेही नीट विचारून घ्या. ते हेच रिसेप्टर अडवतं. २०१६ च्या एका प्रयोगात निरोगी लोकांनी चार दिवस घेतल्यावर त्यांना इतरांशी जोडलेपण थोडं कमी जाणवलं. म्हणून घेऊ नका असं अजिबात नाही, कित्येकांना त्याचा आधार होतो. फक्त मिस्टर पुन्हा ‘आत पोचत नाही’ म्हणाले तर डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका. आणि अंगात ओपिऑइड असताना ते सुरू केलं तर त्रास एकदम उसळतो, त्यामुळे शेवटची गोळी कधी घेतली हे खरं सांगायला लावा.

घरात जुन्या गोळ्या उरल्या असतील तर त्या आजच बाहेर काढा, औषधाच्या दुकानात परत घेतात का विचारा. सवय मोडल्यावर पूर्वीचाच डोस जीव घेऊ शकतो, कारण श्वास मंदावतो. तुमच्याकडे नालोक्सोन (ओपिऑइड जास्त झाल्यावर त्याचा असर उतरवणारं औषध) मिळत असेल तर ते घरी ठेवा आणि कसं द्यायचं हे तुम्ही शिकून घ्या. ज्याला लागेल त्याला ते स्वतःला देता येत नाही.