दार उचलून बघा

प्रश्न : काका, आजोबांचा जुना ट्रक मी दोन वर्षं झाली, हळूहळू उभा करते आहे. इंजिन झालं, ब्रेक झाले, आता दारं छळतायत. चालकाच्या बाजूचं दार चार वेळा आपटावं तेव्हा कुठे लागतं. मागच्या आठवड्यात तर वळणावर आपोआप उघडलं. वेग कमी होता म्हणून निभावलं. ओळखीचे मेकॅनिक म्हणतात, लॉक गेलं, अख्खं बदला. पण या मॉडेलचं लॉक कुठेच मिळत नाही. तेल मारलं की दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. काय करू?

उत्तर : आधी हे दुरुस्त होईपर्यंत ट्रक रस्त्यावर काढायचा नाही. आवारात पुढेमागे करा, हौस भागवा, बस्स. आजच्या गाडीचं दार अर्धवट लागलं तरी पहिल्या दातावर अडकून राहतं, पूर्ण उघडत नाही. अर्धवट दारालाही धरून ठेवणारा हा जास्तीचा टप्पा अमेरिकेत प्रवासी मोटारींना १९६८ पासून सक्तीचा झाला. त्याआधीच्या ट्रकच्या खटक्याला, म्हणजे दार धरून ठेवणाऱ्या लॉकच्या कळीला, बऱ्याचदा एकच टप्पा असतो. लागला तर लागला, नाहीतर नुसता टेकून बसतो आणि आपल्याला वाटतं दार बंद आहे.

आता लॉक. तुमचं लॉक गेलेलं नसावं असा माझा अंदाज आहे. माझी हयात गेली या कामात. ‘लॉक गेलं’ म्हणून आलेली बहुतेक दारं मी लॉक न बदलता परत पाठवली आहेत. दार वीतभर उघडा, हँडलच्या बाजूने खालून धरा आणि सरळ वर उचला. दार बोटभर वर-खाली हललं, तर दोष बिजागरीत आहे. पिन झिजली, तिच्याभोवतीची नळी म्हणजे बुश अंडाकृती झाला, की दाराचं टोक खाली येतं. मग दाराच्या कडेतला खटका दाराच्या चौकटीच्या खांबावरच्या स्ट्रायकरला, म्हणजे तो जिथे अडकतो त्या तुकड्याला, नेमक्या जागी भेटतच नाही, खाली धडकतो. तुम्ही आपटता तेव्हा तो जोराच्या धक्क्याने वर चढून कसाबसा अडकतो. वळणावर केबिन किंचित पिळली जाते आणि सुटतो. तेलाने दोन दिवस बरं का वाटलं, तेही यातच आलं: खटका जरा सहज घसरला, इतकंच.

खात्री करायची असेल तर स्ट्रायकरवर मऊ खडू घासा, दार एकदा हळूच टेकवा आणि उघडा. खडू पुसला गेला ती खटक्याची जागा. ठसा खालच्या कडेला असेल तर दार खाली बसलंय. इथे बरेच जण स्ट्रायकरच खाली सरकवून मोकळे होतात. दार लागतं, पण वाकडंच लागतं, रबर एका कोपऱ्यात चेपतं आणि पावसात पाणी सीटवर येतं. आधी बिजागरी, मग स्ट्रायकर. हा क्रम उलटा करू नका.

बिजागरीच्या पिनेसाठी दाराखाली जॅक लावा, मध्ये लाकडाची फळी आणि जुनी चादर. बिजागरीच्या कडेने पत्र्यावर पेन्सिलीने रेघ मारून ठेवा, म्हणजे काही सैल करावं लागलंच तर मूळ जागा सापडते. जुनी पिन आदल्या रात्री गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवा, मग खालून पंच लावून ठोका. नवीन पिन आणि बुश बसले की दार पुन्हा उचलून बघा. बहुतेक वेळा अर्धी तक्रार इथेच संपते.

मग स्ट्रायकर. त्याचे स्क्रू मोठे, चार खाचांचे, आणि वर्षानुवर्षं रंगाखाली गाडलेले. साध्या पेचकसाने सुरुवात केलीत तर डोकं घासून बसाल. आधी खाचेतला रंग टोकदार खिळ्याने खरवडून काढा, मग हातोडीचा ठोका बसला की फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. आणि हे नीट वाचा: सगळे स्क्रू एकदम काढू नका. खांबाच्या आत आटे असलेली एक सुटी पट्टी असते, ती पत्र्याच्या खोबणीत नुसती तरंगत असते. म्हणून तर स्ट्रायकर वर-खाली सरकतो. शेवटचा स्क्रू निघाला की काही ट्रकांत ती पट्टी टण्णकन खांबाच्या तळाशी जाते. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा तारेला लोहचुंबक बांधून संध्याकाळपर्यंत मासे धरल्यासारखा बसलो होतो. एकेक स्क्रू सैल करा, स्ट्रायकर दोन-दोन मिलिमीटरने हलवा, पुन्हा खडू, पुन्हा दार. पाच-सहा फेऱ्या होतात. कंटाळू नका.

एवढं करूनही खटका सुस्त असेल, तर तो बाहेर काढून रॉकेलमध्ये रात्रभर ठेवा. जुनं ग्रीस आणि धूळ मिळून त्याचं डांबर झालेलं असतं. ब्रशने घासा, पूर्ण वाळवा, फक्त फिरणाऱ्या सांध्यांवर बारीक ग्रीस लावा. जास्त लावलंत तर पुन्हा धूळ धरेल. परतीची स्प्रिंग हाताने ओढून बघा. ढिली असेल तर तेवढीच बदला. साधी स्प्रिंग माप देऊन बनवून घेता येते.

आणि सगळं जोडल्यावर दार बंद करायचं नाही! उघड्या दारातच पेचकसाने खटका लागलेल्या जागी फिरवा, आतल्या हँडलने सोडवा, पुन्हा लावा, बाहेरच्या हँडलने सोडवा, मग किल्लीने कुलूप लावून-उघडून बघा. तिन्ही चाललं तरच दार लावा. एकदा घाईत मी आतल्या हँडलपासून खटक्यापर्यंत जाणाऱ्या पट्टीची क्लिप बसवायला विसरलो आणि दार लावलं. बाहेरचं हँडल आधीच काढलेलं. खटक्याचे स्क्रू दाराच्या कडेला, म्हणजे बंद दारात हातच जाणार नाही अशा जागी. दुसऱ्या बाजूने आत शिरून आडवा झालो, दाराच्या आतल्या पत्र्याच्या भोकातून कोपरापर्यंत हात घातला आणि वाकवलेल्या तारेने चाचपडत ती पट्टी ढकलत राहिलो. दंडावरचा ओरखडा अजून दिसतो.

प्रश्न : जुन्या ट्रकची किल्ली लॉकमध्ये जाते, पण फिरत नाही. मूळ किल्ली हरवली, ही नकलेची नक्कल आहे. बाहेरचं हँडलही डगमगतं. हातोडीने ठोकून घट्ट केलं तर चालेल का?

उत्तर : हातोडी खाली ठेवा. त्या काळची बरीच हँडलं जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली. दिसायला भरीव, वर चकचकीत मुलामा, आतून ठिसूळ. ठोक्याला वाकत नाहीत, तुटतात, आणि साध्या वेल्डिंगला दाद देत नाहीत, वितळून जातात. मी असं एक तोडलेलं आहे आणि मालकाचा चेहरा विसरलेलो नाही. डगमगतंय ते बहुधा आतल्या चौकोनी दांडीवरचा वॉशर किंवा बाहेरची रबरी गादी गेल्यामुळे. ती बदला.

किल्लीचं म्हणाल, तर झिजलेल्या किल्लीची नक्कल केली की झीजही नकलेत उतरते. तुमची तर तिसरी पिढी. लॉकच्या आत पातळ पितळी पट्ट्या असतात, प्रत्येकीखाली केसासारखी स्प्रिंग. बरोबर किल्ली गेली की सगळ्या पट्ट्या किल्लीबरोबर फिरणाऱ्या गाभ्याच्या पृष्ठभागाशी सपाट येतात आणि गाभा फिरतो. एखादी जरी वर राहिली तरी अडतो.

सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो लॉकचा गोल भाग, बाहेर काढा. तो बहुतेकदा दाराच्या कडेतल्या क्लिपने किंवा एका छोट्या स्क्रूने धरलेला असतो. त्याच्या अंगावर किंवा जुन्या किल्लीवर ठोकलेला आकडा दिसला तर देवच पावला. त्या आकड्यावरून किल्लीवाला कारखान्याच्या मापाची नवी किल्ली कापू शकतो. आकडा नसेल तर किल्ली घालून गाभा बाहेर ओढा आणि कोणती पट्टी वर राहते ते बोटाने चाचपा. हे काम पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करा. स्प्रिंग उडाली तर पिशवीतच राहते. वर आलेली पट्टी कानशीने घासून सपाट करणारे लोक आहेत. चालतं, पण मग लॉक दुसऱ्या किल्लीलाही उघडू शकतं. मी किल्ली नव्याने कापायला सांगेन. आणि सिलिंडरमध्ये तेल नको, त्यात धूळ चिकटते. ग्राफाइटची कोरडी पूड किल्लीला लावून आत-बाहेर करा, पुष्कळ झालं.

प्रश्न : माझ्या ट्रकला किल्लीचं भोक फक्त फुटपाथकडच्या दाराला आहे. चालकाच्या दाराचं कुणी बुजवलं असेल का? नवीन भोक पाडू?

उत्तर : पाडू नका! काही जुने ट्रक कारखान्यातूनच तसे निघाले. चालकाने आपलं दार आतून लावायचं, फुटपाथच्या बाजूने उतरायचं आणि तिथे किल्ली फिरवायची. आतलं हँडल उलट दिशेला दाबून बघा. टक्क आवाज आला आणि बाहेरचं हँडल फिरेनासं झालं, तर तुमचं लॉक अगदी ठणठणीत आहे.